परत येणारं पाणी

बाळापूरला समुद्र नाही, हे वेगळं सांगायला नको. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधोमध आमचा किल्ला उभा आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की किल्ल्याला जवळजवळ चहूबाजूंनी पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात त्याच पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. या गावात मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. माझा मित्र रत्नागिरीचा. तो अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला आला तेव्हापासूनची आमची दोस्ती. अमेरिकेतला मामेभाऊ एकदा सुट्टीत आला आणि आपला फ्लाय रॉड माझ्याकडे ठेवून गेला. रॉड माझा आणि खाडीची ओळख मित्राची, एवढ्या भांडवलावर भाट्याच्या खाडीत आणि मिरकरवाडा बंदराच्या कडेला पिसांच्या गळानं मासे धरायला शिकायचं आम्ही ठरवलं. अजून शिकतोच आहोत. त्यातून जे उमगत गेलं ते लिहितो आहे.

१. भरती-ओहोटी शिकवणं वेगळं आणि तिच्यात उभं राहणं वेगळं. फळ्यावर चंद्र, सूर्य, पृथ्वी मी किती वेळा काढले असतील! दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा, हे माझ्या विद्यार्थ्यांना झोपेतही सांगता येईल. पण भाट्याच्या पुलाजवळ उभा राहिलो आणि सकाळी समुद्राकडे वाहत गेलेल्या झावळ्या, करवंट्या, पाचोळा दुपारी उलट डोंगराच्या दिशेनं जाताना पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या मन नदीचं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे समुद्राला. गेलं ते गेलं. नदीत मासे धरणाऱ्याची सगळी समज यावरच उभी असते. मासा तोंड प्रवाहाकडे करून थांबतो, खाणं वरून येतं, दगडाच्या खालच्या अंगाला आडोसा असतो. खाडीत हे ‘वर’ आणि ‘खाली’ दिवसातून साधारण चार वेळा बदलतं. पुलाचा खांब तोच, पण सकाळी मासा ज्या अंगाला दबा धरून असतो ते अंग दुपारी मोकळं पडतं आणि मासा खांबाला वळसा घालून पलीकडे जातो. एकच जागा दिवसभरात दोन जागा होते. हे कळायला मला चंद्राच्या आकृतीचा काही उपयोग झाला नाही. पाणी किती वेळानं फिरतं आणि फिरण्याआधी किती वेळ स्तब्ध राहतं, हे बघत बसावं लागलं.

२. पंचांगात समुद्र असतो. आमच्याकडे चतुर्थी उपासाची, एकादशी वारीची. रत्नागिरीच्या राजिवड्यात जाळं विणत बसलेल्या एका चाचांनी मला तिथीचा दुसरा उपयोग सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हातात येते. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. दिवसाची तीच, रात्रीची साधारण तीच. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. कोकणातले जुने दर्यावर्दी असंच मोजत आले आहेत. मी घरी येऊन हिशेब मांडला. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडतो आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. ज्यांनी हा आडाखा बसवला त्यांनी आकृती न काढता तेच गणित सोडवलं होतं. त्या माणसांबद्दल मनात जो आदर दाटला तो अजून उतरलेला नाही. भरतीचं कोष्टक आता मोबाइलवर मिळतं आणि मित्र ते बघतोही. मी मात्र आधी तिथी विचारतो.

याचा माझ्या दिवाळीतल्या रत्नागिरीच्या फेरीशी थेट संबंध आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाणात. भाऊबीज आटोपून मी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर गाठतो आणि तिथून एसटीनं आंबा घाट उतरून रत्नागिरीत पोचतो, तोवर चतुर्थी-पंचमी उजाडलेली असते. उधाणाला पाणी माणसाच्या उंचीहून जास्त चढतं-उतरतं, ओढ एवढी की दोर कमानीसारखा वाकतो, आणि पाणी गढूळ. सप्तमी-अष्टमीला भांग, पाणी एवढं मंद की त्यात काही वाहूनच येत नाही. मधले दोन-तीन दिवस मात्र अगदी बेताचे. प्रवाह आहे, पण दोर आपलं ऐकतो. माझ्या फेरीत नेमके हेच दिवस येतात, हे मी भाग्य समजतो.

३. शाळेत पाठ केलेली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी खरी निघाली. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. पहाटे मांडवीच्या काळ्या वाळूवर उभं राहिलं की मतलई वारा पाठीवर असतो आणि दोर आपोआप लांब जातो. अकरा-बाराच्या सुमाराला तो पडतो, थोडा वेळ सगळं थबकतं, आणि मग खारा वारा तोंडावर येतो. वर्गात मी हे बाणांच्या खुणा करून शिकवत असे. आता निवृत्तीनंतरही कुणी पोरगं अडचण घेऊन आलं तर मी त्याला डोळे मिटायला लावून आधी गालावर वारा कुठून लागतो ते विचारतो.

४. हा दोर म्हणजे गोफणीच्या अगदी उलट आहे. गोफणीत दगड जड आणि दोरी हलकी. फ्लायच्या काठीला दोर जड आणि टोकाला नुसतं पीस. ते पीस स्वतःच्या वजनानं वावभरही जाणार नाही. जाड, गुळगुळीत दोराचं वजन त्याला ओढून नेतं, आणि त्यासाठी दोर आधी मागे सरळ ताणला जावा लागतो. मागचा दोर उलगडेपर्यंत जो क्षणभर थांबायचं, तेच सगळ्यात अवघड. किल्ल्याखालच्या वाळवंटात मी त्याचा सराव केला, तिथे मागे माणूस नसतं. बंदरात असतं. मिरकरवाड्याला सकाळी ट्रॉलर लागले की लिलावाची हाकाटी, बर्फाच्या गाड्या, पाट्या उचलून चालणाऱ्या बाया, सगळं एकाच वेळी चालू असतं. त्या गर्दीत डोक्यावरून गळ भिरकावणं हा गुन्हाच. म्हणून आमचा नियम ठरला: माल उतरत असेल तोवर काठी जोडायचीसुद्धा नाही. नंतर मोकळ्या कडेला गेलं तरी एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं पाठमोरं उभं राहून मागची बाजू सांभाळायची. या रखवालीत मित्राशी जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या कॉलेजच्या दिवसांतही झाल्या नसतील. एकमेकांकडे न बघता माणसं बरंच काही बोलतात. त्याच्या आईच्या आजारपणाबद्दल त्यानं मला सगळं सांगितलं ते असंच, मिऱ्याच्या डोंगराकडे बघत.

५. मित्राच्या हाताला माझ्या हातापेक्षा जास्त कळत होतं. त्यानं लहानपणी हातगरी वापरलेली. काठी नाही, रीळ नाही. तंगूस बोटावर, टोकाला शिसं आणि कोळंबी लावलेली गरी. मासा लागला की हातानं सरळ मागे खेचायचं. नदीत काठीनं मासे धरणारा मात्र ओढ लागली की काठी वर उचलतो. समुद्रात ते चालत नाही. तोंडं कठीण, आणि काठी उचलली की पीस माशाच्या तोंडासमोरून वर निघून जातं. दोर डाव्या हातानं सरळ ओढायचा आणि काठी पाण्याकडेच रोखून ठेवायची, असं परदेशातले जाणकार बजावून सांगतात. मित्रानं त्यांचं काहीही वाचलेलं नव्हतं. पहिली तांबोशी त्याला लागली तेव्हा त्याचा डावा हात आपसूक मागे गेला आणि काठी तसूभर हलली नाही. मी तो हात जवळून पाहिला. तर्जनीच्या पेरावर तंगुसाचा जुना वळ आहे, पांढरा पडलेला. दोर अजूनही बरोबर त्या वळातूनच जातो. महागड्या साधनानं जे नवं म्हणून आणलं, ते रत्नागिरीच्या पोरांच्या बोटांत आधीपासून होतं.

६. मासा लागतो तो पाण्याच्या कडेला; पाण्याच्या मध्यावर क्वचित. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचून वाळूचा उंचवटा तयार झाला आहे. राजिवड्याच्या होड्यांना त्याचा फार त्रास; पाणी चढल्याशिवाय आत-बाहेर करता येत नाही. ही त्यांची अडचण आहे आणि तिच्याकडे आपण मासा लपण्याची सोयीची जागा म्हणून बघतो, याची मला टोचणी लागते. पण पाणी तिथे वळतं, हे खरं. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांतली कोळंबी, बोयांची पिल्लं, बारीकसारीक जीव प्रवाहाबरोबर बाहेर ओढले जातात, आणि उंचवट्याच्या उतारावर मोठे मासे त्यांची वाट बघतात. वेगवान पाणी आणि मंद पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे फेसाची एक बारीक रेघ दिसते. पीस त्या रेघेवर पडायला हवं, मग मंद अंगाला सरकायला हवं. चाचा म्हणाले होते, “मास्तर, आधी पाणी बघा. मासा त्यातच असतो.”

७. वऱ्हाडातल्या वस्तू समुद्रात चालतात, याचा मला झालेला आनंद लपवता येत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर नावाच्या माणसानं १९८०च्या दशकात एक साधा गळ बांधला: आकड्याच्या दांडीवर जड डोळे, खाली-वर केसांचे दोन पुंजके, मध्ये थोडी चकाकी. डोळ्यांच्या वजनानं आकडा उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळाच्या दगडात कमी अडकतं. नदीतल्या माशासाठी केलेली ही वस्तू आता जगभर समुद्रात वापरतात. मी ती घरी बांधतो. केस बैलाच्या शेपटीच्या गोंड्याचे, पिसं कोंबड्याच्या मानेवरची, चकाकीला पोळ्याच्या सजावटीतून उरलेला बेगड आणि डोळ्यांच्या जागी किल्लीच्या साखळीतले मणी. बेगडाची पट्टी कात्रीनं दोऱ्याएवढी बारीक कापावी लागते. जाड राहिली तर पाण्यात ती काठीसारखी ताठ दिसते आणि मासा जवळ येऊन माघारी फिरतो. पांढऱ्यावर थोडा हिरवा, हा रंग खाडीत चालतो. आमच्या सर्जाच्या शेपटीचे केस तोंडात घेऊन एक तांबोशी भाट्याच्या पाण्यातून वर आली, हे मी गावात सांगितलं तेव्हा आमचा सालदार किती वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

८. केंड नावाचा मासा पिसाची शेपटी कात्रीनं कापल्यासारखी कापून नेतो. एकदा त्यांचा थवा आला की जागा बदलावी, तिथे उगाच वेळ घालवू नये. वाळूत चालताना पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा, म्हणजे तळाशी पडलेली पाकट आधीच सरकते. कालवं लागलेल्या दगडांवर दोर टेकू देऊ नये. आणि पावसाळ्यात खडकांवर जाऊच नये.

९. गोडं पाणी किती मोलाचं, हे मला समुद्रानं सांगायची गरज नव्हती. आमच्या पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. माझी आत्या त्या पट्ट्यात दिलेली. विहीर भरलेली असे, पण त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. प्यायचं पाणी लांबून आणायचं. त्यामुळे दिवसाअखेर मित्राच्या अंगणात काठी, रीळ आणि दोर गोड्या पाण्यानं धुवायचे असतात तेव्हा माझा हात आखडतो. पण धुवावंच लागतं, नाहीतर मीठ रिळाच्या आत शिरून धातू खातं. मी ओलं फडकं वापरतो, रीळ एका टोपात बुडवतो, आणि उरलेलं पाणी त्याच्या आईच्या अबोलीला घालतो. त्या माउलीला माझं हे मोजूनमापून पाणी वापरणं आवडतं.

१०. मासा सोडून द्यायचा की घरी न्यायचा, याचं उत्तर मला रत्नागिरीतच शोधावं लागलं. मासळी विकायला बसलेल्या एका मावशीनं आम्ही मासा परत सोडताना पाहिलं आणि विचारलं, “सोडायचाच तर धरता कशाला?” प्रश्न रागाचा नव्हता. ज्या घरात चूल मासळीवर पेटते तिथून तो सरळ आलेला होता. मी किती दिवस तो मनात घेऊन हिंडलो. मासे धरणं हा खेळ होऊ शकतो ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात मानसोल्लास रचला, त्यात मत्स्यविनोदाचं प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाद्य, गळ आणि दोरी यांचा विचार त्यात केलेला आहे. पण राजाच्या खेळाचा दाखला देऊन मावशीचं समाधान कसं व्हावं?

मला पटलेलं उत्तर जिताड्यानं दिलं. हा मासा बहुधा नर म्हणून वाढतो आणि पुढे मोठा झाला की मादी होतो. खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि पिल्लं खारफुटीत, गोड्या पाण्याकडे सरकत वाढतात. म्हणजे मोठा जिताडा धरला तर बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच धरली. आता आमचा शिरस्ता असा: अगदी लहान सोडायचा, फार मोठा सोडायचा, मधल्या आकाराचा एखादा मासा घरी न्यायचा आणि तो कालवणात पूर्ण संपवायचा. आकड्याची बारीक अणकुची पकडीनं दाबून टाकतो, म्हणजे सोडताना जबडा फाटत नाही. मावशीला मी हे सगळं सांगितलं. नर-मादीचं ऐकून ती म्हणाली, “मोठ्यात गाबोळी असते, हे माझ्या आजीला माहीत होतं.” तरी आजी मोठाच विकायची, कारण त्यालाच दाम. तिथे मी गप्प राहिलो. माझं पोट त्या खाडीवर अवलंबून नाही. माझे नियम मी तिला सांगू नयेत, एवढं मला समजतं.

११. अनोळखी पाण्याची ओळख करून देणारा मित्र स्वतःही कुठेतरी परका असतो. जून आणि जुलै, हे दोन महिने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि खाडीही आमच्यासारख्यांच्या कामाची नसते. अशाच एका पावसाळ्यात तो बाळापूरला आला. मन नदी दुथडी भरलेली. मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपाशी आम्ही उभे होतो आणि हा समुद्रकाठचा माणूस त्या तांबड्या पाण्याकडे नुसता बघत राहिला. एकाच दिशेनं एवढं पाणी सतत जातं आणि फिरत नाही, याचं त्याला तेवढंच नवल वाटलं जेवढं मला उलट वाहणाऱ्या झावळ्यांचं. त्यानं काठी मागितली नाही. आधी विचारलं, इथे मासे कोण धरतं? मग मी त्याला भोयांच्या घरी नेलं. तिथे त्याला मरळीबद्दल कळलं: ती अधूनमधून वर येऊन हवा घेते, म्हणून गढूळ डबक्यातही तगते, आणि पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर दिसला की खाली आईबाप राखण करत असतात, तेव्हा तिथे गळ टाकत नाहीत, कारण आईबाप गेले की पिल्लांना इतर मासे खाऊन टाकतात. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पाणी ओसरल्यावर डोहावर कुठल्या बाजूनं जायचं, सावली पाण्यावर कधी पडते, हेही विचारून घेतलं. भोयांच्या म्हाताऱ्याला त्याच्या प्रश्नांचं भारी कौतुक. “पाहुणा चांगला हाये, इचारते,” असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला.

१२. जिताडा पिसावर अजून लागलेला नाही. मित्राचं मत, पुलाच्या तिसऱ्या खांबाशी रात्री जावं. मला रात्रीपेक्षा ओहोटीचे सुरुवातीचे तास बरे वाटतात, कारण फेसाची रेघ दिसायला उजेड हवा. यावर आमचं एकमत व्हायचं बाकी आहे. पण यंदा भाऊबीज करून निघालो की पंचमीला खाडीवर असेन. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या आसपास भरती पुरी होईल, पाणी थोडा वेळ थांबेल आणि चार-सव्वाचारला बाहेर पडू लागेल. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. पावणेदोन तास उजेड मिळतो. त्यात आधी तिसरा खांब, मग वाळूचा उतार. मित्राला कळवलं आहे, आणि त्यानं खारा वारा तोंडावर असेल तर उतार आधी घेऊ, असं उलट कळवलं आहे.